बिनक्लचची गाडी

दाक्षायणीच्या डाव्या पायात लहानपणापासूनच बळ नव्हतं. नुकती कुठं चालायला लागली होती, तोच ताप आला. ताप गेला आणि जाताना पाय घेऊन गेला. लोखंडी पट्ट्यांचा बूट बांधून ती शाळेत गेली, आयुर्वेदाच्या कॉलेजात गेली, डॉक्टरीण झाली आणि मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना घालून बसली. तिच्या लग्नाचं घरात कुणी बोलत नसे. निदान ती खोलीत असताना तरी नसे.

वडील ईश्वरप्पा भुसार मालाचे आडते. फार बोलणारा माणूस नव्हे, पण पोरीचं दुखणं त्यांनी बरोबर ओळखलं होतं. कुठंही जायचं म्हटलं की तिला आधी विचारावं लागे. टांगा आणायला कोण जातंय? सोबत कोण येतंय? आणि ज्याला सवड असे त्याच्या कपाळावर हळूच आठी उमटे. ती आठी बघून दाक्षायणी पुष्कळदा जायचंच रद्द करी.

गिरणीचा एक मॅनेजर सोलापूर सोडून निघाला तेव्हा त्याची जुनी अमेरिकन गाडी कुणी घेईना. तिचे गिअर आपोआप बदलायचे. बिघडली तर हात कोण लावणार, म्हणून लोक लांबूनच बघून जात. अप्पांनी ती घेतली. अंगणात आणून उभी केली आणि लेकीला म्हणाले, "बस. हिला क्लच न्हाय. डावा पाय लागतच न्हाय हिला."

मोठा भाऊ चन्नप्पा हसला. "अप्पा, हत्ती आणून बांधलाय की तुमी दारात."

होम मैदानावर अप्पांना शेजारी बसवून दाक्षायणी ती गाडी शिकली. आणि एक दिवस, घरात कुणालाही न सांगता, अक्कलकोटच्या रस्त्यानं एकटी वळसंगपर्यंत जाऊन आली. काम काहीच नव्हतं. गावाच्या वेशीपाशी गाडी थांबवली, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून थोडा वेळ बसली, आणि वळवून परत आली.

पुढं वळसंगला तिनं खरंच दवाखाना सुरू केला. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, देवळामागच्या एका खोलीत. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा अंगावर काढणं बरं, असं मानणाऱ्या बायका तिच्याकडं यायच्या. त्यांना आणायची चंद्रव्वा. शेतमजुरी करणारी, काटक, तोंडाळ बाई. कुणाचा हात धरून, कुणाला दटावून ती बायकांची रांग लावायची, आणि दाक्षायणीची गाडी दिसली की लांबूनच ओरडायची, "आल्या की गं डॉक्टरीणबाई! उठा!"

अप्पा गेले. घर, दुकान, ट्रक सगळं चन्नप्पाकडं आलं. गाडी तेवढी दाक्षायणीकडं राहिली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती.

मग अरबांनी तेल अडवलं ते वर्ष उजाडलं. या गाडीच्या गिअरबॉक्सला वेगळं तेल लागायचं. लालभडक, पातळ, परदेशातून येणारं. गाडी जुनी, तिचं सील झिजलेलं. उभी राहील तिथं खाली लाल थेंब पडायचे आणि तेवढी भर घालत राहावी लागायची. अप्पांनी मुंबईहून आणून ठेवलेले डबे संपले. दाक्षायणीनं मुंबईच्या दुकानदाराला ट्रंककॉल लावला. तो म्हणाला, माल येतच नाही. ज्यांच्याकडं आहे ते दाबून बसलेत. त्यानं जो भाव सांगितला तो ऐकून तिनं फोन ठेवून दिला.

चन्नप्पा म्हणाला, "विकून टाक. भंगारवाला तरी घेईल."

त्याचा ड्रायव्हर कुंडलिक म्हणाला, "तेल ते तेल, बाई. ट्रकच्या गिअरचं ओततो की त्यात. काय हुतंय?"

दाक्षायणी गाडी घेऊन धोंडप्पाकडं गेली. अक्कलकोट रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. अप्पांच्या वेळेपासून या गाडीला हात लावायचा तो त्यानंच. धोंडप्पानं हात पुसत विचार केला. ट्रकचं गिअर ऑइल म्हणजे काकवी. आतल्या बारीक वाटांतून ते फिरायचंच नाही. इंजिनचं तेल घातलं तर गिअर धरणाऱ्या आतल्या पट्ट्या घसरतील. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात दाबाच्या मशिनींना एक पातळ हायड्रॉलिक तेल घालतात, ते बघायला हरकत नाही.

दाक्षायणीनं नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. सगळ्या तेलांचे थोडे थोडे नमुने आणून औषधाच्या बाटल्यांत भरले, शेजारी उरलंसुरलं लाल तेल ठेवलं. काचेच्या पट्टीवर एकेक थेंब टाकून पट्टी तिरकी धरली आणि कोणता किती धावतो ते पाहिलं. बाटल्या हलवून कोणत्याला किती फेस येतो, तो किती वेळ टिकतो ते पाहिलं. सुया उकळायच्या स्टोव्हवर तेलं तापवून पुन्हा तेच केलं. दवाखान्यात आठवडाभर मशिनचा वास येत होता. पेशंट नाक मुरडायचे. शेवटी मशिनचं पातळ तेलच लाल तेलाच्या जवळ जाणारं निघालं.

"हे तिचं तेल न्हाय, बाई," धोंडप्पा म्हणाला. "पण चालंल. चढाला दामटू नका. उन्हात एका जागी लई वेळ घुरघुरत ठेवू नका. लवकर लवकर बदला. आन् दुसरं कायबी यात मिसळू नका."

गाडी चालली. गिअर बदलताना पाठीत बारीक धक्का बसायचा. त्या वेळी पाय किंचित उचलायचा हे ती शिकली. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघायची, वळसंगला पोचली की लिंबाखाली गाडी थंड व्हायला ठेवायची. बदललेलं तेल दर वेळी बोटावर घेऊन बघायची, वास घ्यायची. एक उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हिवाळा गेला. वळसंगची एकही फेरी चुकली नाही. आयुष्यात तिनं पुष्कळ गोष्टी मुकाट्यानं सोसल्या होत्या. ही एक गोष्ट तिनं आपल्या अकलेनं निभावून नेली होती, आणि त्याचा तिला मनातून फार अभिमान होता. तो तिनं कुणाजवळ बोलून दाखवला नाही.

पुढच्या मे महिन्यात चन्नप्पाच्या मुलीचं, महानंदाचं, लग्न निघालं. आणि ज्या गाडीला तो हत्ती म्हणायचा, तीच त्याला वरातीला हवीशी झाली. लांबरुंद, चकचकीत, सोलापुरात तशी दुसरी नाही.

"ने," दाक्षायणी म्हणाली. "पण मी चालवते. तिला बँडच्या मागं मुंगीच्या पावलानं चालवून जमायचं नाही. मधे मधे थांबवून गार करावी लागेल."

चन्नप्पानं तिच्या बुटाकडं पाहिलं नाही. तसा तो सभ्य होता. "वरातीची गाडी बाईमाणूस चालवतंय म्हटल्यावर पाव्हणे काय म्हणतील? कुंडलिक हाय की."

तिनं कुंडलिकला बोलावून दोनदा समजावलं. तापली की थांब. तेल लागलं तर हा डबा, दुसरं काही नको. डबा तिनं स्वतः डिकीत ठेवला.

वरात संध्याकाळी निघाली तरी रस्ते अजून तव्यासारखे तापलेले होते. दाक्षायणी घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. बँडचा आवाज लांब जात गेला. बऱ्याच वेळानं आवाज मधेच थांबला. काय झालं ते तिला नंतर कळलं. चौकात गाडी बंद पडली होती. नवरा-नवरी आत बसलेले, आणि फेटे बांधलेली माणसं मागून ढकलत होती. बघ्यांनी शिट्या मारल्या. व्याही एक शब्द बोलले नाहीत, आणि चन्नप्पाला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून धोंडप्पाकडं नेली. दाक्षायणी गेली, चन्नप्पाही गेला. धोंडप्पानं खालचा नट सोडला. तिचं तेल पाण्यासारखं धारेनं पडायचं. आज काळा, जळका लगदा तुटत तुटत पडला. तिनं वाकून बोट लावलं. दोन बोटांत त्याची तार आली.

"हे माझं तेल नव्हे," ती म्हणाली. "यात ट्रकचं तेल ओतलंय. धोंडप्पा, तुम्हीच बघा."

धोंडप्पानं बघितलं. मग त्यानं चन्नप्पाकडं बघितलं. गॅरेजमध्ये त्या दिवशी चन्नप्पाचेच दोन ट्रक उघडून ठेवलेले होते.

"आता जळल्यावर कुठलं काय, कसं वळखायचं, बाई?" तो तेलाच्या घमेल्याकडं बघत म्हणाला. "मशिनचंच तेल हुतं शेवटी. कवा ना कवा हे व्हायचंच."

दाक्षायणीला वाटलं, हा माणूस आत्ता मान वर करील. त्यानं केली नाही. नट शोधायला म्हणून तो गाडीखाली सरकला, आणि बाहेर नुसते त्याचे पाय राहिले.

"ऐकलंस?" चन्नप्पा म्हणाला. "पोरीच्या वरातीची शोभा केलीस तुझ्या त्या मशिनच्या तेलानं."

कुंडलिकनं मात्र काहीच लपवलं नाही. तो अंगणात चन्नप्पाची अँबॅसेडर पुसत असताना तिनं विचारलं, तर सरळ म्हणाला, "व्हय, ओतलं की. गाडी पुढं सरकंना. तुमचा डबा हुता, पण त्याच्यावर आहेराची भांडी रचलेली. मालक म्हनले, आता ते काढत बसू नको, दुकानातनं ट्रकचं आण आन् ओत. मी ओतलं."

"मालकांनी सांगितलं?"

"मग? मी मनानं कशाला ओतीन, बाई?"

त्या दिवशी जेवताना तिनं भावाला विचारलं. वहिनी गिरिजाबाई वाढता वाढता थांबल्या. चन्नप्पानं भाकरीचा तुकडा मोडला.

"मग काय करायचं हुतं? चौकात भांडी काढत बसायचं? माझ्या पोरीची वरात हुती ती."

"मग तेल कुणी ओतलं ते तरी खरं सांग. लोकांना माझं नाव का सांगतोस?"

"लोक इचारतात, मी सांगतो कायतरी," तो म्हणाला. "एवढं काय मनावर घेतीस? वाढ गं भात."

गिअरबॉक्स पुन्हा बांधायचा तर सुटे भाग परदेशातून यायला हवे होते. गाडी भंगारात गेली. हातगाड्यांवर तिचे तुकडे घालून नेले तेव्हा दाक्षायणी दवाखान्यात एका म्हाताऱ्याची छाती तपासत होती. नळी कानाला लावून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. म्हातारा बिचारा श्वास घेत आणि सोडत राहिला.

वळसंगला जायला अँबॅसेडर मागितली, तर चन्नप्पा उदारपणानं म्हणाला, "घेऊन जा की. कुंडलिक मोकळा असला की घेऊन जा." बाजाराच्या दिवशी कुंडलिक कधीच मोकळा नसे. मग ती एसटीनं गेली. एसटीची पायरी तिच्या गुडघ्याला लागायची. कंडक्टर वरून दंड धरून ओढायचा, खालून कुणीतरी ढकलायचं, आणि आतली माणसं जागा देता देता बुटाकडं बघून घ्यायची. पावसाळ्यात एकदा वळसंगच्या फाट्यावर उतरताना पाय निसटला आणि ती सगळ्यांसमोर चिखलात बसली. कुणी हसलं नाही. चार बायकांनी उचलून तिला झाडाखाली ठेवलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं. त्यानंतर ती गेली नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं काही आठवडे म्हणाली. पुढं म्हणायचंही सोडून दिलं.

दिवाळीच्या सुमाराला चंद्रव्वा सोलापुरात आली. दंड सुजून टम्म झाला होता, अंगात ताप होता. वळसंगला आता एक माणूस सुया टोचायचा. कुठल्याशा दवाखान्यात झाडलोट करता करता शिकलेला. त्याच्या सुईनं हे गळू झालं होतं.

दाक्षायणीनं सुरी उकळली, दंड धुतला, गळू फोडलं. चंद्रव्वानं दात आवळून भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. पू निघून गेल्यावर तिला जरा बरं वाटलं आणि ती बोलायला लागली.

"तुमी आलाच न्हाईत की, बाई. बायका लई दिस वाट बघत हुत्या देवळामागं. मीच मग सांगितलं त्यास्नी. मोठ्या घरच्या हायेत, म्हटलं. कटाळल्या असतील आपल्या घाणीला. जावा घरी."

दाक्षायणीच्या हातात कापूस होता. तिला सांगायचं होतं. पण सांगायचं काय? गाडीच्या पोटात भलतंच तेल गेलं म्हणून मी आले नाही? अंगणात उभ्या असलेल्या अँबॅसेडरवरून चंद्रव्वाची नजर नुकतीच फिरून आली होती.

"दंड हलवू नकोस," ती म्हणाली. "परवा पट्टी बदलायला ये."

"परवा कशी येऊ? मजुरी बुडती की," चंद्रव्वा उठत म्हणाली. "त्यो माणूसच बदलंल. गावातच हाय."

पदराच्या गाठीतले पैसे तिनं टेबलावर ठेवले. वळसंगला ती कधी पैसे देत नसे. कधी हुरडा आणायची, कधी शेंगा. दाक्षायणी नको नको म्हणेपर्यंत ती ओटा उतरून गेलीसुद्धा.