मर लागलेलं शेत

शेतातली कपाशी मरू लागली की भास्करनानांचा चेहरा उजळायचा. जळगावजवळच्या एका प्रयोगशेतावर मी त्यांचा मदतनीस म्हणून रुजू झालो, तेव्हा मला हे चमत्कारिकच वाटलं. मर रोगाने नासलेला एक तुकडा त्यांनी मुद्दाम राखला होता. तिथे दरवर्षी कपाशी पेरायची, बहुतेक झाडं माना टाकायची आणि जगलेल्या चार झाडांपुढे उकिडवे बसून नाना पुढच्या सालासाठी त्यांचंच बी निवडायचे. कामावरची सोनाअक्का म्हणायची, "आमनी कपाशी मरनी ते आमी रडतस. नाना हासतस."

कोणतं बी कुठल्या वाफ्यात पेरायचं, हे नाना चिठ्ठ्या टाकून ठरवत. मुकादम हसायचा. नाना शांतपणे सांगत, "चांगलं बी विहिरीजवळ पेरलं, तर विहिरीचं पुण्य बियाच्या नावावर जमा होतं. चिठ्ठीला विहीर दिसत नाही."

वर्षानुवर्षं अशी निवड करत अखेर त्यांच्या हाती न मरणारा एक वाण आला. लोक बी मागायला येऊ लागले. "इथं जगलं म्हणून पारोळ्याला जगेलच असं नाही," म्हणत नाना त्यांना परत पाठवत. पारोळ्यातली चाचणीची पेरणी पुढच्या हंगामात व्हायची होती.

तेवढ्यात लढाई आली. धान्य पिकवा, असा वरून हुकूम झाला. नानांनी एका हंगामाची मुदत मागितली. खात्याचे साहेब म्हणाले, "माझ्या हातात काही नाही हो." राखलेल्या तुकड्यावर ज्वारी पेरली गेली आणि नानांना पिंपळनेरकडे धान्याच्या कामावर धाडलं. डब्यात सरकी फार वर्षं टिकत नाही, म्हणून जाताना त्यांनी त्या वाणाची सरकी दरवर्षी स्वतःच्या शेतात पेरायला अक्काच्या हवाली केली. दुसऱ्या कपाशीचा पराग लागू नये म्हणून कळ्यांना दोरा कसा बांधायचा, तेही दाखवलं.

लढाई संपल्यावर मी नानांबरोबर अक्काच्या शेतावर गेलो. कपाशी जोमात होती. दोऱ्याचं विचारताच अक्का ओशाळली. पहिल्या साली तिने दोरे बांधले होते, मग घरात आजारपण आलं. शेजारच्या शेतातही कपाशी होती, आणि वेचणीनंतर सगळी सरकी एकत्र झाली होती.

"पन झाडं उभा शेतस ना, नाना?" ती म्हणाली.

नाना कितीतरी वेळ त्या ओळींमधून फिरले. मग म्हणाले, "उभी आहेत, अक्का. बियामुळे की तुमच्या जमिनीमुळे, ते आता मला सांगता येणार नाही."

नोकरी संपल्यावर ते फैजपूरला भावाकडे राहायला गेले. मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा केळीच्या बागेत पाटाकडेला बसले होते. कपाशीचा विषय मी भीत भीतच काढला. समोरच्या केळीच्या बुडातून फुटलेल्या कोंबाकडे बघत ते एवढंच म्हणाले, "केळीला बी नसतं. बरं असतं."