आबांना न मानवणारा रविवार

तुमचे आबा कुरुदकडच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचे. आम्ही त्याला मिलच म्हणायचो. सरकीची ढेप, भाताचा कोंडा आणि मका तिथे दळून एकत्र करत आणि गाईम्हशींसाठी पोती भरून पाठवत. आलेला माल चांगला आहे की त्याला बुरशी लागली आहे, हे आबा ठरवायचे. पोत्याची शिवण उसवून ते कोपरापर्यंत हात आत घालत. आत ऊब लागली की मूठभर माल वर काढून नाकाशी धरत आणि दीर्घ श्वास घेत. पावसाळ्यात भिजून आलेलं पोतं उघडलं की हिरवट भुकटी धुरासारखी वर उठायची. हमाल तोंडाला गमछा बांधत. आबा बांधत नसत. मग वास कसा येणार?

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्हा दोघांना एकत्र मिळे तो रविवार. नेहरू नगरच्या घरून स्कूटरने पावर हाउस भागातल्या बाजारात जायचं, उभ्याने पोहे-जिलेबी खायची, मग भाजी. आबा भाव करताना इतकं बोलत की शेवटी भाजीवालीच हात जोडून तिच्या बोलीत म्हणायची, "ले जावव बाबूजी, मोर मुड़ी झन खावव." तिचं डोकं खाऊन झालं की आबा खुशीत पिशवी उचलत. त्या पिशवीसह स्कूटरवर मागे बसून घरी येणं, याहून मोठं सुख मी कधी मागितलं नाही.

पण सोमवारी संध्याकाळी त्यांना कणकण यायची, छाती आवळायची, कोरडी ढास लागायची. मंगळवार-बुधवारपर्यंत ते उतरायचं. मिलमध्ये बऱ्याच जणांचं तसंच होतं आणि त्याचं कारणही सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. एक जुना हमाल एकदा घरी आला, तेव्हा मलाच सांगू लागला, "बाई, बाबूजीले इतवार मानवत नाही. घरी बसलं का शरीर ढिलं पडते."

आबांना ते पटलं. "बैल एक दिवस मोकळा सोडला का दुसऱ्या दिवशी जड चालते," ते म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मिलचा शर्ट चढवला.

"अहो, आज मिल बंद आहे."

"माल तं आहे न गोदामात. पाहून येतो. उद्या ताप तं नाही येणार."

"आणि बाजार?"

"तू जा न. भाव कर."

"मला भाव करता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तं भाजीवाली तुह्यावर खूश रायते."

असे ते दर रविवारी जाऊ लागले. सोमवारचा ताप खरंच थांबला. मिलमध्ये या उपायाचं कौतुक झालं. मी एकटी बाजारात जाऊन भाजीवाली सांगेल तो भाव देत राहिले. आबा मात्र हळूहळू जिन्यात मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले, एरवी ज्याच्याकडे ते बघतही नसत.

मग नागपूरला तुमच्या आईचं लग्न झालं. त्यासाठी आबा बरेच दिवस मिलपासून लांब होते. तिथे ते मध्ये न थांबता कार्यालयाचे जिने चढत-उतरत होते, आचाऱ्याशी हुज्जत घालत होते आणि रात्री खोकत उठून न बसता उताणे झोपत होते. परत आल्यावर कामाच्या पहिल्याच संध्याकाळी इतकी हुडहुडी भरली की दोन रजया पुरेनात.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी कधी आजारी पडता हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "बरं कधी वाटतं?"

मी म्हटलं, "मिलमध्ये नसतात तेव्हा."

त्यांनी समजावून सांगितलं. रविवारी छातीला विसावा मिळतो, म्हणून सोमवारी बुरशीची धूळ आत गेली की छाती भडकते. रोज गेलं तर छाती तक्रार करायचं सोडते, पण बिघडायचं सोडत नाही.

आबा बाहेर येऊन बाकावर बसले. "म्हणजे इतवार चांगला होता," ते म्हणाले. "आणि मी तोच सोडून राहिलो होतो."

त्यांनी मिल सोडली. पण छातीत जे आत राठ झालं होतं, ते सैल झालं नाही. पुन्हा आम्ही बाजारात जाऊ लागलो, आता ऑटोने. भाव करायला दम पुरत नसे. "वांगी कशी..." एवढं म्हणून ते श्वास घ्यायचे. भाजीवाली थांबायची, मीही थांबायचे. उरलेला शब्द मला ठाऊक असे, तरी मी तो त्यांच्यासाठी बोलून टाकत नसे. तो त्यांचा होता, आणि मला तो त्यांच्याच तोंडून ऐकायचा असे.

आबा गेले, तरी ते थांबणं माझ्यात राहिलं. फोनवर तुमच्याशी बोलता बोलता मी मध्येच गप्प होते आणि तुम्ही "आजी, आवाज येत नाहीये" म्हणून ओरडता. लाइन चांगली असते. मी फक्त थोडी जागा सोडलेली असते.