खादरातल्या खुणा

यमुनेच्या खादरात, म्हणजे दिल्लीतल्याच नदीकाठच्या शेतवस्तीत, मी आणि माझा सहकारी समीर शेख दोन वर्षं मोबाइलवरच्या नकाशाच्या कामासाठी जातोय. काम पुढे सरकत नाही, किस्से तेवढे वाढत चाललेत. घरी सांगावेत तर नवरा म्हणतो, "आधी बूट धुऊन ये!"

* * *

पहिल्याच दिवशी वस्तीतल्या रामकली चाचींचं घर शोधत होतो. नाववाला बनवारी म्हणाला, "काली भैंस से बाएँ." पाय दुखेपर्यंत चाललो, म्हैस काही दिसेना. त्याला फोन लावला.

"अच्छा, इस टाइम? इस टाइम तो वो नदी में होती है!"

* * *

"भैया, ऐसी चीज़ बताओ जो हिलती न हो," समीरने त्याला अक्षरशः विनवलं. बनवारीने काठावरचा पिंपळ दाखवला. आम्ही लगेच नकाशात टाकला. पावसाळ्यानंतर गेलो, तर काठच ढासळलेला आणि पिंपळ पाण्यात आडवा.

समीर तोंड उघडायच्या आत बनवारीच म्हणाला, "पेड़ नहीं हिला, साहब. नदी हिली है."

* * *

एकदा नोएडाहून मॅनेजरचा फोन आला. "लँडमार्क पर्मनंट पाहिजे यार! एटीएम, पेट्रोल पंप, काहीतरी असेलच ना?"

चहूकडे फ्लॉवरचं शेत आणि मधे एक हातपंप. समीर पार कंटाळला होता. "सर, पंप आहे."

"बिल्कुल! टाक."

पुढच्या खेपेला आमच्यादेखत एक मोटार शेतातून धक्के खात हातपंपापाशी थांबली. काच खाली झाली. "टंकी फुल!"

रामकली चाचींनी ड्रायव्हरच्या हातात पाण्याचा लोटा दिला.

* * *

मग पूर आला. सगळी वस्ती फ्लायओव्हरखाली ताडपत्र्यांत राहिली. पाणी ओसरल्यावर चाचींबरोबर आम्हीही खादरात गेलो. झोपडी नाही, चूल नाही, नजर जाईल तिथवर चिखल. चाची बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिल्या. मग सावकाश चालत एका जागी थांबल्या, चपला काढल्या, आणखी दोन पावलं पुढे गेल्या आणि खाली बसल्या.

मला राहवेना. मी धावतच त्यांच्याजवळ गेले.

"अरे मॅडम!" चाची ओरडल्या. "जूते बाहर!"