कुणाला काही होणार नाही

निफाडकडच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी बघते. बघते म्हणजे हंगामभर डोकं फिरवून घेते. सकाळी नाशिक रोडहून निघताना ठरवते की आज कुणावर ओरडायचं नाही, आणि पहिल्याच टेबलाशी पोचून ओरडते.

काम सांगायला सोपं आहे. पेटीत घड भरले की वर एक पातळ पॅड ठेवायचं. त्यात गंधकाचं औषध असतं, त्याचा वायू हळूहळू सुटतो आणि बोटीच्या लांबच्या प्रवासात माल सडत नाही. एका पेटीला एकच पॅड. दोन झाली की मणी देठापासून पांढरे पडतात आणि परदेशातलं गिऱ्हाईक सगळा माल नाकारतं.

काही वर्षांपूर्वी ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला. द्राक्षं दमट येत होती, सगळ्यांचाच जीव टांगणीला लागलेला. कोल्ड स्टोअरमध्ये आम्ही नमुन्याच्या पेट्या बाजूला ठेवतो. त्यातली एक उघडली तर मणी पांढरे, आणि वर दोन पॅड. त्याच दिवसांत भरलेल्या पेट्यांचा कंटेनर बाहेर उभा होता, संध्याकाळी बंदराकडे निघणार होता. पेटी कुणी भरली हे कळायची सोय आमच्याकडे नाही.

मी सगळ्या बायांना गोळा केलं आणि म्हणाले, "जिच्याकडून झालं तिने सांगून टाकावं. कुणाला काही होणार नाही, माझा शब्द. मला फक्त कोणत्या पेट्या ते कळू दे."

मग एक बाई पुढे आली. कळवणकडून दर हंगामाला यायची, पॅकहाऊसच्याच पडवीत बाकीच्यांबरोबर राहायची. हंगामाच्या कमाईवर तिच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण चाललं होतं.

"मॅडम, म्या ठेवले दोन-दोन. माल वला व्हता. म्हनलं, जास्त टिकंल."

कुठल्या बागेच्या मालात, तेही तिने सांगितलं. त्या पेट्या रचलेले तेवढेच पॅलेट उतरवून आम्ही पेट्या उघडल्या, खराब माल बाजूला काढला, बाकीच्या पेट्यांतलं जादा पॅड काढलं. कंटेनर वाचला. मला तिचा इतका अभिमान वाटला की ओरडायचंच राहून गेलं.

त्याच भरात मी मालकांकडे गेले. मूर्खासारखी, अगदी हसत. "दादा, एक बाई खरं बोलली म्हणून वाचलो आपण."

"कोण ती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"उद्यापासून तिला नका बोलावू."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. "अहो दादा, मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय मॅडम. मी कुठे दिलाय?"

मग मी भांडले. आवाज चढवला, नोकरी सोडते म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "सोडणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे दुसरं माणूस बघता येईल." मी सोडली नाही. घरी सासऱ्यांचं आजारपण होतं, फ्लॅटचा हप्ता होता. अशा वेळी जी कारणं असतात ती सगळी होती. त्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती गेटपाशी बोचकं घेऊन उभी होती. बायांना आणणाऱ्या मुकादमाने तिला सांगितलं होतं. ती चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. तिने नुसतं विचारलं, "तुमी म्हनला व्हता ना मॅडम, काय व्हनार नाय म्हनून?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं, मी यातून काहीतरी मार्ग काढीन. मी म्हणाले, दुसरीकडे बोलते. दोन पॅकहाऊसना फोन केले. दोन्हीकडे बातमी माझ्या आधी पोचली होती. तिच्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कुणाची चूकच होत नाही. पेट्यांत सडके मणी निघतात, वजन कमी भरतं, पॅड उलटी निघतात. पण ते कुणी केलेलं नसतं. मी विचारलं की सगळ्या जमिनीकडे बघतात. मीही फार ताणत नाही. पुन्हा एखादी पुढे आली तर तिला काय सांगू?

मागच्या हंगामात परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस तपासणीला आला. बायांशी त्याला बोलायचं होतं, दुभाषी मी. त्याने विचारलं, काम करताना चूक झाली तर तुम्ही ती न घाबरता सांगू शकता का? मी ते मराठीत सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग एक वयस्कर बाई हळूच म्हणाली, "मॅडम, याला काय सांगायचं आसतं, ते तुमीच सांगून टाका."

तो माझ्याकडे वळला. मी म्हणाले, त्या हो म्हणतायत.