वेशीवरचे सात शिपाई

मी आता जे सांगनार हाये, त्यातला एक शब्द जरी तुले खरा वाटला ना, तर मले काशी म्हनू नको. शहात्तर वर्साची, चौथीतून घरी बसवलेली बुढी अकोल्यात कॉम्प्युटरवर लढाया खेळते, हे मले कोनी सांगितलं असतं तर मी त्याले पानी पाजून वाटेले लावलं असतं.

किस्से कसे साचतेत, ठाऊक हाये? दारामागच्या खिळ्यावरच्या थैल्यावानी. एक काढाले गेलं का चार खाली पडतेत. उचलाले आता कंबर साथ देत नाई. ज्या पडतीन त्या पाहून घे, बाकीच्या राहू दे.

आमी चौघं. वानखडे सराचा टायपिंगचा क्लास होता. मशिनी भंगारात गेल्या, एक जुना कॉम्प्युटर आन् एक कूलर तेवढा राह्यला. सराच्या पोरीनं नोकरीले जाता जाता त्यात एक गेम टाकून देला, बापाले करमाव म्हून. दुसरा नामदेवभाऊ, पातूरकडचा कास्तकार, आता अकोल्यात पोराजवळ राहते. तिसरी विमल, सरकारी दवाखान्यातली रिटायर नर्स. चाळीस वर्सापासून तिच्या घराची भिंत माह्या घराले लागून हाये. चौथी मी. मंगळवार, शनिवार, दुपारी दोन ते पाच.

गेम साधा हाये. हरेकाले एक गाव भेटते, थोडं रान, चार मानसं. आपला टर्न आला का सांगाचं, वावर पेरा, का भिंत बांधा, का शिपाई उभे करा. मंग गोल बटन दाबाचं आन् उठाचं. कोनाचंही गाव पुरं दुसऱ्याच्या हाती गेलं का गेम संपला. कॉम्प्युटर एकच, म्हून एक जन बसला का बाकीच्या तिघाइनं खुर्च्या फिरवून भिंतीकडे तोंड कराचं. कोनाचे शिपाई कुठं लपले ते दिसाले नाई पायजे. नवीन मानूस आत आला तर त्याले वाटन, तीन बुढे शिक्षा भोगून राहिले.

आन् मुद्द्याचं आत्ताच आयकून घे. विमलच्या पोराले तिले पुन्याले न्याचं हाये, कायमचं. तो लय मांग लागला तवा ती म्हने, "हा गेम संपू दे, मंग येते." तो हासला. त्याले वाटलं, गेम तो किती दिवस चालनार? हे झालं होळीले. आता दसरा आला.

*

पह्यला गेम. सर सांगून राहिले, "सुरुवातीले रान पेरा, कोठार भरा, मंग भिंत, आन् शेवटी शिपाई." मले बटनावरचं इंग्रजी वाचता येत नाई. वावराच्या चित्रात मले झाडू दिसला, कोठाराच्या चित्रात चहा कराची गंजी उलटी ठेवलेली दिसली. एक तलवार तेवढी वळखू आली. जे वळखू आलं ते दाबलं. पुन्हा टर्न आला, पुन्हा तेच दाबलं.

नवव्या टर्नले माह्ये सहा शिपाई सराच्या गावात. गावाले भिंत नाई, कुत्रं भुकाले नाई. सर लाल झाले. "ही काय रीत झाली, काशीबाई? अजून माहं वाचनालय बांधून नाई झालं."

म्या म्हटलं, "सर, मी चौथीतून उठलेली. वाचनालय पाह्यलं का मले रागच येते."

तवापासून सर जो भेटला त्याले सांगतेत, काशीबाईची पह्यली धाड म्हन्जे अभ्यास कराची गोष्ट हाये. मी मान हालवून देते. तलवारीचं म्या आजवर सांगितलं नाई. तूही सांगू नको.

*

नामदेवभाऊचं यापेक्षा अवघड. मांगच्या वर्साचा जून महिना, आभाळ कोरडं. त्याचा टर्न आला का तो नुसता गोल बटन दाबे आन् उठे. वावर पेरे नाई, काईच करे नाई. पाच टर्न झाले, सात झाले. त्याच्या गावातली मानसं उपाशी मरून राहिली.

सरानं इचारलं, "भाऊ, पेरत काहून नाई?"

तो म्हने, "कशावर पेरू? पातूरले अजून थेंब नाई."

सरानं समजावलं, का हे रान कॉम्प्युटरमंधलं हाये, याले पानी लागत नाई. भाऊ म्हने, "बिना पान्याचं म्या जिनगानीत पेरलं नाई, आता बुढापकाळात पेरू?" म्या त्याच टर्नले त्याच्यावर धाड घातली. मले कोठारात काय सापडलं असन? सारं बियानं. एक दाना खाल्ला नव्हता बाप्पानं.

*

आता माही चोरी सांगते. धाडीत एक खोट हाये. ती फसली का तुमी मेले. तुमी शिपाई करत बसता, पेरत नाई, आन् शिपाई रोज खातेत. सर म्हनत, "काशीबाई, शिपाई उगवत नाई. त्याले गिळाले लागते." एक डाव माही धाड विमलच्या भिंतीवर आपटली. घरी पाह्यलं तर कोठारात झाडून काढलं तरी काई नाई. पुढच्या दोन टर्नमंधी माहं गाव बुडनार हे आंधळ्यालेही दिसे.

उन्हाळा होता. तिघं भिंतीकडे तोंड करून बसलेले. म्या पायानं कॉम्प्युटरचं बटन दाबलं. स्क्रीन काळा.

"गेली वं माय लाईन," म्या म्हटलं. "आता काय, नव्यानंच मांडा लागन."

मंग विमल, भिंतीकडेच तोंड ठेवून, हळूच म्हने, "काशे, लाईन गेली तर कूलर कोनाच्या हुकमानं फिरून राहिला वं?"

त्या दिवशी मले चहा भेटला नाई.

*

विमलच खरी खेळनारी, हे मले कबूल करा लागते. एका गेममंधी म्या तिले पार धुतली. बाराव्या टर्नलेच कोठार जाळलं, भिंत पाडली, मानसं पळवली. तिच्याजवळ राह्यलं एक झोपडं आन् एक बाई. सर म्हने, "सोडून द्या, विमलताई." नामदेवभाऊ म्हने, "सोडा. चहा पिऊ."

विमलनं चष्मा पुसला. म्हने, "पेशंट श्वास घेऊन राहिला हाये ना? मंग मले फाईल बंद करता येत नाई."

त्या एका बाईकडून तिनं एक वावर पेरलं. दुसऱ्या शनिवारी दोन. मी तवा मस्तीत होती, शिपायामांगून शिपाई. माह्या गावात भाकर नाई आन् तलवारी पन्नास. महिन्याभरात विमलच्या गावातून माह्या दारात गाड्या आल्या. मले वाटलं, फौज आली. म्या देव आठवले. पाह्यलं तर ज्वारी. सारी ज्वारी.

"हे काय वं?" म्या इचारलं.

"तुये शिपाई वाळले हायेत," ती म्हने. "अशा मान्साइसंगं मी लढत नाई. पह्यले खाऊ घाल त्याइले."

खाऊन झाल्यावर तिनं माह्यावर चढाई केली आन् मले पुरं हरवलं, हे मातर खरं.

*

मंग हा होळीपासूनचा गेम. पह्यल्याच दिवशी म्या तलवारीले हात लावला नाई. पेरलं. दुसऱ्या टर्नले पुन्हा पेरलं. सर खुर्ची फिरवून पाहाले लागले, नियम मोडून. "काशीबाई, तब्येत बरी नाई का?" विमलनं माही नाडी धरली. घड्याळात पाह्यलं. हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

मले रागच आला होता, खरं सांगते. धाड घालनं सोपं हाये. अर्ध्या दुपारी गाव मोकळं, घरी जाऊन झोपा. हे लांबवनं म्हन्जे जीव खाते. कोनी मोठं होऊ नाई, कोनी मरू नाई, रोज पाहा लागते. श्रावनात नामदेवभाऊनं गुपचूप वीस घोडे जमवले, विमलवर टाकाले. विमलची भिंत तवा पडकी. ह्या मान्सानं जिनगानीत पह्यल्यांदा आभाळाकडे न पाहता काई केलं, आन् ते हे!

म्या माह्ये होते नव्हते ते सारे शिपाई त्याच्या घोड्यासमोर उभे केले. पुरे कापल्या गेले. सात उरले. घोडेही गेले.

भाऊ म्हने, "काशीबाई, तुमचं माहं काई भांडन होतं का?"

"नाई."

"मंग?"

"उन्हानं डोकं फिरलं," म्या म्हटलं. भायेर पानी पडून राहिलं होतं.

त्यानं माह्याकडे पाह्यलं, मंग विमलच्या खुर्चीकडे पाह्यलं, आन् घोडे पुन्हा जमवले नाई. तवापासून तो आन् सर दोघंही गोल बटन दाबून उठतेत. थकलो आमी चौघंही. चहाले चव नाई राह्यली. पन कोनी म्हनत नाई का आता पुरे.

*

आता मांगचा शनिवार.

विमल आली ते नवं लुगडं नेसून. पोरगा इतवारी गाडी घेऊन येनार होता. शेवटचं इचाराले, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. तिचा टर्न झाला, ती उठली, मी बसली. तिघं भिंतीकडे.

म्या स्क्रीन पाह्यला. विमलच्या गावाची वेस सताड उघडी. भिंतीवर एक मानूस नाई. तिनं तिचे सारे शिपाई दूर, नदीपल्याड पाठवून देले होते. वेशीजवळ रानात माह्ये ते सात दोन महिन्यापासून लपून बसले होते. ते तिथं हायेत, हे तिले ठाऊक होतं. चाळीस वर्साची शेजारीन हाये ती.

सात शिपायाइनं आत जाचं, गाव घ्याचं. एक टर्न. गेम संपला.

म्या तिच्याकडे पाह्यलं. तिची पाठ. अंबाडा जरा कलला होता.

"काशे, झोपली का?" ती भिंतीले म्हने.

"चष्मा सापडून नाई राहिला," म्या म्हटलं. चष्मा नाकावरच होता.

मंग म्या त्या साताइले एकेक करून तलवारीच्या चित्रावरून काढलं, झाडूच्या चित्रावर नेलं. गोल बटन दाबलं आन् उठली. सर बसले, उठले. भाऊ बसला, उठला. विमल बसली.

लय वेळ माऊसचा आवाज आला नाई. भिंतीवरचा पोपडा मी पाठ करून घेतला.

"काशे."

"काय वं?"

"माह्या वावरात तुये सात लोकं काय करून राहिले?"

"निंदून राहिले."

"किती दिवस चालन निंदन?"

"वावर मोठं हाये," म्या म्हटलं.

तिचा फोन वाजला. पोराचाच. तिनं उचलला. तो काय बोलला ते आमाले आयकू नाई आलं. ती म्हने, "हो, आयकून राहिली. नाई रे बाप्पा, कुठं संपला? आता कुठं निंदन सुरू झालं." फोन थैलीत टाकला, गोल बटन दाबलं, उठली आन् म्हने, "सर, सेव्ह करा."

जाय आता तू. दोन वाजून राहिले, आन् माह्ये सात जन वावरात हायेत.