रिव्हर्स नसलेली गाडी

देवबाग सोडलं त्या दिवशी सगळ्यात शेवटी मी काय केलं असेल, तर गाडी मागे ढकलली. खांद्याला बॅग, पायात नवे बूट आणि दोन्ही हात गाडीच्या नाकावरच्या पाइपवर. स्टिअरिंगवर बापू, माझा चुलतभाऊ. त्याने मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडलं होतं. आमच्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर एका दमात वळायला जागा कुठली! मागे-पुढे केल्याशिवाय सुटका नाही, आणि आमच्या गाडीला रिव्हर्स गिअरच नव्हता. इंजिन मोटरसायकलचं. मोटरसायकल मागे घ्यायची तर माणूस पायाने ढकलतो, तिला रिव्हर्स कोण देणार? म्हणून एकाने चालवायची आणि दुसऱ्याने ढकलायची. दुसरा म्हणजे मी.

"जा तू, सुद्या. हिचो एक बोल्ट हलतलो नाय," बापू म्हणाला. मी विश्वास ठेवला. गाढव मी.

बाबांच्या शेडमध्ये आम्ही ती गाडी बनवली. बाबांचा जन्म मच्छीमार बोटींची मशिनं दुरुस्त करण्यात गेला. आम्ही कोल्हापुरात भंगारात सापडलेलं चार सिलिंडरचं इंजिन घेऊन आलो, पाइप वाकवले, वेल्डिंग केलं. दोन सीट, वर छप्पर नाही. चौघांनी धरली तर उचलली जाईल इतकी हलकी.

त्या इंजिनाचा स्वभाव सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. सहा हजार आरपीएमच्या खाली ते अगदी मरगळलेलं. क्लच जरा लवकर सोडला की आचका देऊन बंद. आठ हजारांच्या वर गेलं की मात्र त्याच्या अंगात यायचं, पाठ सीटला चिकटायची. मोटरसायकलच्या वजनाला ते शोभतं. आम्ही त्याच्यावर दुपटीहून जास्त ओझं घातलं, आणि वर आमच्या दारातली वाळू. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, मोठं बसवलं तेव्हा ओढ थोडी सुधारली, पण वेग गेला. क्लचप्लेटा जळल्याचा वास तर शेडमधून कधी गेलाच नाही.

बाबा म्हणायचे, "इंजिनान सुरवातीक ओढूक होयां. मागीर काय, वारो पण ओढता." बोटीच्या माणसाला ओझं जागेवरून हलवणारी ताकद हवी. मला वरची ती आठ हजारांची लाट हवी होती. बापू तेव्हा माझ्या बाजूने भांडायचा.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा बाबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या दोघांनी मिळान गाडी केल्यानी हा, ती दोघांचीच रवांदे!" आम्ही दोघे ओरडलो, "होय म्हाराजा!" बापूचा आवाज माझ्याहून मोठा होता. आमच्याकडे देवासमोर 'होय म्हाराजा' म्हटलेलं कोणी मोडत नाही, असं मी समजत होतो.

कोइमतूरला मला काम मिळालं ते त्याच गाडीच्या जोरावर. इथे ट्रॅकवर पळवायच्या हलक्या गाड्या बनवतात, मोटरसायकलचीच इंजिनं घालून. मी दिवसभर डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर असतो, गाडी रोलरवर आणि ताकदीची रेघ स्क्रीनवर. इथल्या लोकांना अण्णा म्हणतो, 'बरं' ऐवजी तोंडात 'सेरी' येतं, माशाच्या कढीत कोकमाचं सोल नाही म्हणून कुरकुर करायचंही सोडलं. गणपतीच्या दोन चतुर्थ्या हुकल्या. पण दर रविवारी बापूला फोन करायचो आणि सांगायचो, चालू कर, आयकव. तो आयकवायचा. इंजिन घुमत घुमत वर चढायचं आणि शेवटी बाबांचा आवाज यायचा, "पुरे रे, तापता ता!" बाबा गाडीपाशी बसलेले आहेत, या कल्पनेनेच माझा आठवडा बरा जायचा.

या मे महिन्यात गेलो. गाडी दारात होती, पण तिच्यात टमटमचं डिझेल इंजिन धडधडत होतं. मागे पर्यटकांसाठी बाकडं जोडलेलं. आमचं इंजिन शेडमध्ये गोणपाटाखाली, खाऱ्या वाऱ्याने पार जाम. हाताने फिरवून पाहिलं, फिरेना.

"कधी काढलंस?"

"तू गेल्यार तीन म्हयन्यानी काढलंय."

"आणि दर रविवारचो आवाज?"

बापूने मान खाली घातली. "तो तू जावच्या आदल्या दिसाचो व्हिडिओ."

फटकेच्या, असा केसाने गळा कापतात? दोन वर्षं! मी आईकडे पाहिलं, तर ती चुलीकडे वळली. बाबा म्हणाले, "तुका वायट वाटात म्हणान कोण बोलाक नाय. आणि खरा सांगू? आता ती वाळूत बरी ओढता." म्हणजे घरभर ठाऊक होतं. डिझेल इंजिन बसवायला हातही बाबांनीच लावलेला. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

संध्याकाळी बापू पर्यटकांना सोडून आला आणि नेहमीच्या कोपऱ्यावर अडकला. पुढे माड, वळायला जागा नाही. इतका रागावलेला मी, पण पाय आपोआप धावले. जाऊन नाकावरच्या पाइपवर हात ठेवले, जोर लावायला वाकलो. बापूने गिअरचा दांडा ओढला आणि गाडी माझ्या हाताखालून आपली आपण मागे गेली.

"बाजूक हो रे," तो हसत म्हणाला, "आता ढकलूक कोण लागणा नाय."

त्याच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण मी हात पुढे करून तसाच उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं.

तुम्ही जे गावात राहिलात त्या तुम्हाला वाटतं, गेलेल्याला खोटं सांगितलं तर तो सुखात राहतो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात ते फोनवर आवाज ऐकून घर जागेवर आहे असं धरून चालता. एकदा जाऊन बघा रे. माझी जागा कोणी घेतलीसुद्धा नाही, तिची गरजच संपली.

निघताना बापूकडून तो व्हिडिओ मागून घेतला. खोटा आहे, माझ्या तोंडावर मारलेला आहे, तरी रविवारी लावतो. इंजिन वर चढतं, बाबा "पुरे रे, तापता ता" म्हणतात, आणि त्यांच्या पाठोपाठ बापू ओरडतो, "सुद्या, चल, ढकल!" फोनवर ऐकवताना बापू हे वाक्य यायच्या आत व्हिडिओ बंद करत असे.