बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येणारे डॉक्टर

डॉ. विश्वंभर लोणकर यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी मी लिहावे, असा निरोप आला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणाले. लिहिणे हे इतरांसाठी बसून करायचे सोपे काम असेल, माझ्यासाठी ते शेतातल्या कामाइतकेच काम आहे. डॉक्टरांच्या कानावर हे गेले आणि त्यांचा फोन आला. "बाई, रोज थोडं लिवा. दमायच्या आधी उठा. न्हाईच झालं तर अर्धा लेख छापू, मी काही रागावत न्हाई." तेव्हा हा लेख तुकड्यातुकड्यांनी लिहिला आहे. जोड कुठे दिसले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

डॉक्टरांची आणि माझी पहिली भेट झाली ती आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी, त्यांच्या दवाखान्यात. मी पुसेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातली सून, गावातल्याच शाळेत शिक्षिका. शाळा करून घरची शेतीही पाहणारी. हळद शिजवायच्या दिवसांत पहाटेपासून कढईपाशी उभी राहायचे आणि वेळेवर शाळेत हजर व्हायचे, याचा मला थोडा गर्वही होता. त्या वर्षी पावसाळ्यात ताप आला. आठवड्यात ताप गेला, पण मी काही उठले नाही. चार पायऱ्या चढले की अंग गळून जाई. फळ्यावर वाक्य लिहिता लिहिता पुढचा शब्दच हरवे. रात्रभर झोपूनही सकाळी जणू झोपलेच नाही असे वाटे. हिंगोलीला दाखवले, नांदेडला दाखवले. सगळे रिपोर्ट चांगले आले. टेन्शन घेऊ नका, टॉनिक घ्या, फिरायला जा, असे सगळ्यांनी सांगितले. मी फिरायला गेले आणि आणखी पडले.

चांगले रिपोर्ट हीच माझी अडचण झाली होती. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई गंगाबाई, शेळ्या-मेंढ्या राखण्यात आयुष्य काढलेल्या, कष्टाला देव मानणाऱ्या. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे सुनेच्या मनात काम नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. घरात बोलणे होऊन ठरले होते की मला माहेरी, आखाडा बाळापूरला, नेऊन सोडायचे. मुक्ताला, माझ्या लेकीला, मात्र ठेवून घ्यायचे, कारण ती नुकतीच पहिलीत गेली होती आणि तिची शाळा इथे होती. आमच्या ह्यांना दोन्ही बाजू कळत होत्या आणि त्यामुळे ते कोणत्याच बाजूचे नव्हते. डॉ. लोणकरांना दाखवायचे ते फक्त शेवटचा शब्द म्हणून.

त्या दिवसासाठी मी आधीचे दोन-तीन दिवस पडून राहून अंगात ताकद जमवली होती. केस विंचरले, बरे लुगडे नेसले, जीपमध्ये ताठ बसले. आपल्याकडे दवाखान्यात कळकट जात नाही कोणी, त्यातून बाजाराचा दिवस, चार ओळखीची माणसे भेटणार. त्यामुळे डॉक्टरांसमोर बसलेली मी चांगली धडधाकट दिसत होते. ही चूक आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक पेशंट करतो, हे मला पुढे कळले.

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट सावकाश पाहिले. आत्याबाईंना घाई होती. "काही न्हाई ना? तसं सांगा म्हणजे झालं. उद्या हिला बाळापूरला सोडून येतो. जीप सांगितली हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून एकच विचारले. "उद्या काय करणार तुमी?"

मी म्हणाले, "उद्या उठवणार नाही. परवा तर त्याहून नाही."

त्यांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. "मंग आज पाहून काय फायदा? जीप एक दिवस थांबवा, मावशी. मी उद्या घरी येतो, तिथं सांगतो." बाहेर पडताना आत्याबाई पुटपुटल्या, "डागतर येडं हाय का काय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपल्या जुन्या स्कूटरवरून आले. ती स्कूटर आजही तीच आहे आणि ती आधी गावात आपला आवाज आणि मग डॉक्टरांना पोचवते. मी अंधाऱ्या खोलीत पडले होते. खिडकीतला उजेड डोळ्यांत खुपत होता, घसा दुखत होता, अंगातला प्रत्येक सांधा बोलत होता. डॉक्टर खाटेपाशी जमिनीवर बसले. त्यांनी झोपलेल्या अवस्थेत नाडी पाहिली, मग मला आधार देऊन उभे केले आणि पुन्हा पाहिली. उभे राहताच छाती धडधडू लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी लगेच परत निजवले. मला एक शब्दही बोलायला लावला नाही. मग ते बाहेर लिंबाखाली, शेळ्या बांधल्या होत्या तिथे, आत्याबाईंशी बोलत बसले. खिडकी उघडी असल्याने मला सगळे ऐकू येत होते.

"मावशी, काल ही कशी होती?"

"चांगली होती की. चालून राहिली, बोलून राहिली. बाजार आला की उठती, काम दिसलं की पडती."

"उलटं हाय ते. काल चालली म्हणून आज पडली. ह्या आजाराची तीच खूण हाय. तकलीफ त्याच दिवशी दिसत न्हाई, मागून येती."

"आमी बी चालतो. आमी काहून पडत न्हाई?"

"तुमी दमता, निजता, सकाळी ताजे होता. हिची झोप हिला ताजंच करत न्हाई. तुमची शेळी दुखण्यातून उठली की लगेच कळपाबराबर रानात धाडता काय?"

"न्हाई. दारात बांधतो. पाला टाकतो."

"अन धाडली तर?"

"त्या दिशी चरती. दुसऱ्या दिशी बसती."

"मंग तिला माहेरी सोडून येता काय?"

आत्याबाई उठून आत आल्या, माझ्याकडे न बघता खिडकीपाशी गेल्या आणि उजेड येत होता ती झडप लावून घेतली. संध्याकाळी त्यांनी जीपवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. मुक्ता त्या रात्री माझ्याजवळच निजली. मी उशीत तोंड घालून रडले, आणि रडण्यानेही थकवा येतो हे त्या दिवशी नव्याने समजले.

या आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांना हे नाव अजिबात पसंत नाही. फटीग म्हणजे थकवा, आणि याला थकवा म्हणणे हे पुराला ओल म्हणण्यासारखे आहे, असे ते चिडून म्हणतात. थकवा सगळ्यांनाच येतो आणि म्हणून ऐकणारा लगेच "आम्हालाही येतो" म्हणून मोकळा होतो. पण नावावर चिडले तरी ते नाव देण्याची घाई त्यांनी कधी केली नाही. रक्त कमी आहे का, थायरॉईड, साखर, क्षय, हृदय, मनाचे दुखणे, हे सारे नीट तपासल्यावाचून ते या आजाराचे नाव उच्चारत नाहीत. निम्म्याअधिक लोकांचे दुखणे या तपासात वेगळेच निघते आणि उपचाराने ते बरेही होतात. उरतात त्यांना ते स्पष्ट सांगतात की याला अजून खात्रीचे औषध नाही. झोप, दुखणे, चक्कर यांवर इलाज करू, पण मुख्य उपाय म्हणजे आपली शीव ओळखून तिच्या आत राहणे.

आपल्या भागात अशी सरळ गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना चालणे कठीण. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायचे, ही इथली रीत. बाटली टांगली की पेशंटला आणि नातेवाइकांना दोघांनाही बरे वाटते. डॉक्टर गरज नसताना बाटली लावत नाहीत. एकदा माझ्यासमोरच एक गृहस्थ रागावून उठले, "सलाईन बी लावत न्हाई, मंग डॉक्टर कशाचे?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पाणीच पाजायचं असेल तर माझी बायको आतून तांब्या आणून देईल." गृहस्थ गेले ते समोरच्या दवाखान्यात. दोन महिन्यांनी परत आले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आधी खरोखरच तांब्या दिला आणि मग तपासले.

हा बायकांचा आजार आहे, असे म्हणणाऱ्यावर मात्र त्यांचा आवाज चढतो. मेंढरांमागे हिंडणारा एक तरणाताठा माणूस त्यांच्याकडे कितीतरी दिवस पाय दुखतो म्हणून येत होता. पायाला काहीही झालेले नव्हते. नुसते दमायला होते असे पुरुषाने सांगायचे कसे, म्हणून त्याने पाय पुढे केला होता. डॉक्टर त्याच्याही घरी दुसऱ्या दिवशी गेले आणि मग पायाचा विषय पुन्हा निघाला नाही.

माझ्या शाळेचे त्यांनी केलेले काम मी विसरणार नाही. मला नोकरी सोडावी लागेल असेच वाटत होते. एक दिवस डॉक्टर दवाखान्यातले उंच लाकडी स्टूल स्कूटरला बांधून शाळेत हजर झाले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "बाई बसून शिकवतील, सकाळचेच तास घेतील. मुलांना काय, बाई दिसल्या अन ऐकू आल्या म्हणजे झालं." मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, त्यांनी ऐकले. दवाखान्यात पेशंटला बसायला कितीतरी दिवस स्टूल नव्हते, हे मला डॉक्टरांच्या पत्नीकडून कळले. त्या स्टुलावर बसून मी आजही शिकवते. स्वयंपाकघरात ओटा सोडून मी खाली बसून भाकरी करते, भांडी दोन वेळा विभागून घासते, आणि बरे वाटत असले तरी थांबते. बरे वाटत असताना थांबणे सर्वांत अवघड. पूर्ण बरी मी झालेले नाही, पण माझे दिवस आता माझ्या ताब्यात आहेत.

डॉक्टर आता नव्या पेशंटला माझा फोन नंबर देतात. मी पडल्या पडल्या त्यांच्याशी बोलते आणि पहिली सूचना देते की दवाखान्यात जाताना नटून जाऊ नका. आणि सासवांना समजवायला कोण जाते, तर आमच्या आत्याबाई. कुणाची सून पडून राहिली असे कळले की त्या डॉक्टरांच्या निरोपाची वाटही पाहत नाहीत. लिंबाखालची शेळीची गोष्ट त्या आता स्वतःचीच म्हणून सांगतात आणि डॉक्टरांनी अजून त्यावर हक्क सांगितलेला नाही.

रविवारी डॉक्टरांचा सत्कार आहे. हारतुरे, भाषणे, फोटो, दिवसभर लोकांची रीघ. मी येणार आहे, तासभर बसणार आहे, आणि त्यासाठी आठवडाभर पडून राहणार आहे. प्रथेप्रमाणे सोमवारी डॉक्टर मला पाहायला स्कूटर काढतील, म्हणून त्यांना या लेखातूनच जाहीर ताकीद देते. माणूस समारंभाच्या दिवशी बरा दिसतो, हे आम्हाला त्यांनीच शिकवले. त्यांचे वय आता पंचाहत्तर आहे. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही आमची सर्वांची प्रार्थना आहेच, पण नुसत्या प्रार्थनेवर आत्याबाईंचा विश्वास नाही. त्यांनी सोमवारची जीप सांगून ठेवली आहे. डॉक्टरसाहेबांनी त्या दिवशी घरीच पडून राहावे. मी इकडे पडलेली असेन, पण आत्याबाई पाहायला येत आहेत.